उजवीकडचा रेडिओ

ही गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही. थांबा — हे अर्धंच खरं आहे. तिचा पहिला अर्धा भाग मी इतक्या वेळा सांगितलाय, की आमच्या नात्यातल्या एखाद्या लग्नात तो सांगायचा राहिला तर पंगतीत काहीतरी वाढायचं राहून गेलं असं लोकांना वाटतं. हळदीची जेवणं आटोपली की कुणीतरी म्हणतंच — पंडितभाऊ, ते नानांच्या विमानतळाचं होऊ द्या. मग मी पोट सावरून बसतो, पान एका गालात सारतो आणि सुरू होतो. कुठे थांबायचं ते मला पाठ आहे. लोक टाळ्या वाजवतात तिथे मी थांबतो. त्याच्या पुढचं आजवर — बायकोलासुद्धा नाही. मग तुम्हाला का? तुम्ही आमच्या नात्यातले नाही म्हणून असेल. किंवा तुम्ही मधेच टाळ्या वाजवणार नाही म्हणून.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे फुशारकी कुठून येते ते कळेल. मी कळसाडीचा, शहादा तालुक्यातला. आमच्याकडे कापूस होतो, ऊस होतो, पपई होते. विमान होत नाही. ते वरून जातं, पांढरी रेघ ओढत. अशा गावातला मी गुजरातेतल्या एका विमानतळावर तंत्रज्ञ म्हणून लागलो, आणि गावाने परस्पर मला वैमानिक करून टाकलं. मी सुरुवातीला दुरुस्त करायचो. अहो, मी विमान चालवत नाही, मी जमिनीवरच असतो. मग लोक विचारायचे, म्हणजे विमान उतरवतोस का? ह्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणं मला कधी जमलंच नाही. कारण एका अर्थाने — बघा, झाली सुरू.

काम असं असतं. विमान ढगात असतं, वैमानिकाला पुढचं काही म्हणजे काही दिसत नसतं. धावपट्टी कुठे आहे? समोर. पण समोर म्हणजे नेमकं कुठे? म्हणून धावपट्टीच्या पार पलीकडच्या टोकाला आम्ही अँटेनांची एक रांग उभी केलेली असते. ती येणाऱ्या विमानाकडे दोन सूर फेकते — विमानाच्या डाव्या अंगाला एक जाडसर, उजव्या अंगाला एक बारीक. कानाने ऐकायचे नव्हेत. विमानातलं यंत्र ते मोजतं. जाड सूर जास्त भरला तर विमान डावीकडे सरकलंय, बारीक जास्त भरला तर उजवीकडे. दोन्ही अगदी सारखे झाले की समजायचं, आपण मधोमध आहोत, बरोबर धावपट्टीच्या रेषेत. खाली-वरचं सांगायला धावपट्टीच्या कडेला वेगळा मनोरा असतो. त्याची युक्ती तीच, फक्त आडवीची उभी केलेली. एवढंच आहे सगळं. दोन आवाज, आणि त्यांच्या मधली वाट.

आणि त्या रांगेसमोर एक पहारेकरी असतो. माणूस नव्हे, यंत्रच. आमचेच सूर तो सतत ऐकत असतो. मधली रेघ ठरल्या हद्दीपेक्षा सरकली की तो यंत्रणा बंद करून टाकतो, साहेबाला न विचारता. विमानात काट्यावर लाल पट्टी येते. तिचा अर्थ, माझ्यावर विसंबू नका. वैमानिक वर निघून जातो, फेरी मारतो, वाटलं तर दुसऱ्या गावी उतरतो. चुकीची वाट दाखवायची नाही, त्यापेक्षा गप्प व्हायचं, हा आमच्याकडचा पहिला धडा. दुसरा धडा असा, की यंत्राला हात लावायचा असेल तर आधी कळवायचं. आज दुरुस्ती चालू आहे, भरवसा ठेवू नये. मग पान्हा उचलायचा. नव्याने लागलेल्या मुलांना हे दोन्ही धडे मीच शिकवतो. अजूनही. आवाज जरासुद्धा कापत नाही माझा.

आता नाना.

नाना म्हणजे माझे काका, वडिलांचे धाकटे भाऊ. वडील लवकर गेले. मला शाळेत घातलं, पुढे शिकवलं ते नानांनी. त्यांना मूलबाळ नव्हतं, ते आणि नानी, आणि मधे मी. त्यांच्याकडे चामड्याच्या खोळीतला एक तपकिरी रेडिओ होता. लहानपणी एका दुपारी मी तो उघडला आणि मला तो मिटता येईना. संध्याकाळी नानांनी विचारलं, कुणी उघडला? मी म्हणालो, उंदरांनी. उंदरांनी स्क्रू काढून वाटीत नीट जमवून ठेवले होते. नानांनी वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि एवढंच म्हणाले, “हुशार उंदीर शे भो.” दुसऱ्या दिवशी शहाद्याला नेऊन रेडिओ नीट करून आणला. विषय संपला.

हा किस्सा मी लग्नात सांगतो. लोक हसतात. मीही हसतो — आता थोडा उशिराने हसतो.

नानांचे डोळे काचबिंदूने गेले. हळूहळू, कडेकडून आत. नानांना घोड्यांचा षोक होता. सारंगखेड्याची यात्रा त्यांनी कधी चुकवली नाही. घेणं-देणं काही नसायचं, नुसतं परीक्षा करायला जायचे. नजर पूर्ण गेल्यावर मी त्यांना एकदा घेऊन गेलो, तर डोळे मिटून उभे राहिले, समोरून एकाने घोडा चालवून नेला, आणि नाना म्हणाले की हा मागला उजवा पाय राखून टाकतोय. मालकाने खूर उचलून पाहिला. खडा रुतलेला होता. असे कान.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. रोज सकाळी स्वतःच्या पायांनी खळ्यावर जायचं. खळं म्हणजे आमचं गावाबाहेरचं आवार — दोन बैल, एक गाय, कडबा, निंबाचं झाड आणि त्याच्याखाली नानांची खाट. घर गावाच्या अगदी कडेला, खळं समोर. मधे गावाचं मोकळं पडीत. डाव्या अंगाला काटेरी कुंपण, उजव्या अंगाला पाटचारी — कालव्याचं पाणी शेतात नेणारी खोल, बांधीव चारी. डोळस माणसाला हे अंतर म्हणजे काहीच नाही. पण मोकळ्या पडितात काठी टेकवायला भिंत नाही की बांध नाही. नाना चालायला लागत आणि नकळत तिरपे होत. कधी काट्यात, कधी चारीच्या तोंडाशी. नानी म्हणाली, दोरी बांधा. पण पडितातून दिवसभर उसाचे ट्रॅक्टर जाणार, दोरी टिकणार कशी? मग कुणीतरी रोज हात धरून न्यायला लागलं. ते त्यांना सहन होईना. “हात धरीसन काब्र नेतस माले?” म्हणायचे, कशाला नेता हात धरून. “मी काय बैल शे का?”

त्या सुट्टीत मी ओट्यावर बसून, नेहमीसारखा, विमान कसं उतरतं ते सांगत होतो. दोन सूर, मधली वाट. नानी भाजी निवडता निवडता ऐकत होती.  मग नाना म्हणाले, “मंग माले बी उतारी दे ना भो तसा.”

नानी म्हणाली, तुझा नाना काय विमान आहे का? पण मी उठलो होतो.

इथून पुढचं मी लग्नात हातवारे करून सांगतो. खळ्याच्या तोंडाशी दोन खांब रोवले. प्रत्येकावर एक रेडिओ, डावा डावीकडे तोंड फिरवलेला, उजवा उजवीकडे. डाव्यावर बातम्या आणि शेतीच्या गप्पा लागायच्या, उजव्यावर गाणी. उजवा म्हणजे तोच, उंदरांनी उघडलेला. घरापासून जमिनीत पुरून वायर ओढली, बॅटरी लावली, आणि खटका ओट्यावर नानांच्या हाताशी. खटका दाबायचा आणि चालायला लागायचं. गाणी जास्त मोठी झाली तर डावीकडे सरकायचं, गप्पा मोठ्या झाल्या तर उजवीकडे. दोन्ही सारखे, तर सरळ. खळ्यावर तसाच दुसरा खटका होता, जिन्यातल्या दिव्याला असतो तसा; पोचले की नाना त्याने आपल्या हाताने दोन्ही रेडिओ बंद करत. घरी आवाज थांबला की नानी म्हणायची, उतरलं विमान. आणि परत येताना? परत येताना नानीचा आवाज होताच. ती यंत्रणा लग्नापासून चालू होती आणि तिला कधी बॅटरी लागली नाही.

इथे लोक टाळ्या वाजवतात.

खरंच, पहिल्या दिवशी नाना एकटे खळ्यावर पोचले तेव्हा मी पडिताच्या मधोमध उभा राहून रडलो. ते खोटं नाही. नाना रोज जाऊ लागले. बैलांच्या पाठीवर हात फिरवायचे, गाईला चारा टाकायचे, खाटेवर बसायचे. चालही बदलली त्यांची; मान वर करून चालायला लागले. माझ्या भाच्याने मोबाइलवर ते सगळं टिपलं, आणि ते पार माझ्या विमानतळापर्यंत पोचलं. साहेबांनी बोलावून पाठ थोपटली. सासरच्यांनी, ज्यांनी मला आयुष्यभर ‘वायरमन जावई’ म्हणून गिळलं होतं, त्यांनी पहिल्यांदा मला ‘अहो’ म्हटलं. मला काय झालं असेल? काय व्हायचं ते झालं.

दिवाळीनंतर मी पुन्हा सुट्टीवर गेलो, आणि सासरचे पाहुणे नानांचा विमानतळ पाहायला गावी आले. आलेच आहेत तर भरीत झालंच पाहिजे. खळ्यावर कपाशीच्या काड्यांचा जाळ केला, वांगी भाजली, सगळे निंबाखाली बसलो. निंब खळ्याच्या उजव्या अंगाला, चारीकडे. पाहुण्यांना गाणी नीट ऐकू येईनात. मी उठलो, उजवा रेडिओ खांबावरून काढला, तारेचा एक आकडा करून निंबाच्या फांदीला टांगला, तोंड पाहुण्यांकडे केलं आणि आवाज कमी करून त्यांना पुरेल एवढाच ठेवला. डावा आपल्या जागी कुरकुरत राहिला. नाना संध्याकाळनंतर ओट्यावरून हलत नसत. ते तिथे नव्हते. त्यांना सांगावं असं — नाही, मनात आलंच नाही. पाहुणे वाहवा करत होते.

निघताना मी त्या रेडिओकडे पाहिलं. हे लक्षात ठेवा. मी विसरलो नव्हतो. हात भरताने बरबटलेले होते, पोट जड झालं होतं, मी म्हटलं — सकाळी लावू.

सकाळी मला खटक्याच्या आवाजाने जाग आली. ओट्यालगतच्या खोलीत मी गोधडीत गुरफटून पडलो होतो. खटका. मग काठीचा आवाज, मग पडितातून दोन रेडिओ. आणि मला आठवलं. लख्ख आठवलं. उठून दारातून नुसती हाक मारायची होती — नाना, थांबा. एवढंच. किती कष्ट होते त्यात? पण थंडी होती, गोधडी उबदार होती, आणि मी स्वतःला सांगितलं की एव्हाना त्यांच्या पायांना वाट पाठ झाली असेल. विमानतळावर एखाद्या मुलाने मला असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला घरी पाठवलं असतं. मी कूस बदलली.

एक गाणं संपलं. दुसरं लागलं. ते अर्ध्यावर आलं तरी रेडिओ बंद होईनात. आतून नानीने विचारलं, अजून पोचले नाहीत का? मी उठलो आणि पळालो, चपला न घालता.

आता ते सांगतो ज्याच्यासाठी एवढा फिरत फिरत आलोय. सांगतो — मला जरा वेळ द्या. नाही, नकोच.

नाना चारीत होते. पाणी नव्हतं, तळाशी बसले होते, पाठ भिंतीला, एक हात मांडीवर उलटा ठेवलेला, टोपी पडलेली, कपाळावरून रक्त. मला ते लांबूनच दिसले. आसपास अजून कुणी नव्हतं. आणि मी त्यांच्याकडे गेलो नाही. मी आधी रेडिओकडे गेलो.

चारीच्या काठाने, त्यांच्या डोक्याजवळून, अनवाणी, टाचा न टेकता. एक काटा टाचेत गेला तरी मी तोंडातून आवाज काढला नाही. नानांनी मान उचलली आणि विचारलं, “कोन शे रे?”

मी उत्तर दिलं नाही.

निंबावरून रेडिओ काढला, खांबावर लावला, तोंड उजवीकडे फिरवलं, आवाज पहिल्यासारखा वाढवला. गाणं चालूच होतं. मग कुंपणाच्या बाजूने वळसा घालून घराच्या दिशेने मागे गेलो आणि तिथून — तिथून ओरडत आलो. नाना, नाना, काय झालं? पाय आपटत आलो. जणू आत्ताच घरातून निघालोय.

लोक जमले. नानांना वर काढलं. मनगट मोडलं होतं. नानी पदराने कपाळ पुसत होती, आणि नाना मात्र मनगटाचं काहीच बोलत नव्हते. त्यांचं एकच चाललं होतं. “दोन्ही आवाज सारखाच व्हतात रे पंडित. मी मजारमाच व्हतू.”

ते खरं बोलत होते. मधोमधच होते ते. अक्षरशः खरं. उजवा रेडिओ चारीकडे सरकला आणि हळू झाला, तर दोन्ही आवाज सारखे ऐकू येण्याची जागाही चारीकडेच सरकणार. ते आवाजांच्या मधोमध चालले, एक पाऊलही चुकले नाहीत, आणि थेट चारीत गेले. माझी चूक त्यांनी इतकी अचूक पाळली होती.

सगळ्यांनी खांबांकडे पाहिलं. दोन्ही रेडिओ जागच्या जागी वाजत होते. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण ह्यातलं कळणारा मी एकटाच. विमानं उतरवणारा. आणि मी हळू, समजुतीच्या आवाजात, जसं डॉक्टर बोलतो तसं म्हणालो, “नाना, आते वय व्हयनं. कान बी जाई ऱ्हायनात तुमना.”

 रेडिओवर गाणं संपलं, जाहिरात लागली. मग नाना म्हणाले, “व्हई भो. तू म्हनस तर गया व्हतीन.”

माणसाचे डोळे गेल्यावर त्याच्याकडे काय उरतं? त्याच्याजवळ उरलेलं तेवढंच होतं, आणि ते मी त्याच्या हातातून, सगळ्या गावासमोर, गोड बोलून काढून घेतलं. एका गोधडीसाठी. सासरच्या ‘अहो’साठी. टाचेतला काटा मी खोलीत जाऊन काढला. दोन-चार दिवस लंगडलो, तर लोक म्हणाले, पाहा, नानांसाठी कसा अनवाणी धावला पोरगा. त्याचंही कौतुक मी घेतलं. परत नाही केलं.

मनगट जुळलं. नाना मात्र पुन्हा एकटे निघाले नाहीत. ओट्यावर बसून राहायचे. कुणी हाक मारली तर ओळखायच्या आधी नानीला विचारायचे, कोण आलंय. पूर्वी जे पावलांवरून नाव सांगायचे, ते. लोकही त्यांच्याशी मोठ्याने बोलू लागले, कारण पंडितने सांगितलं होतं ना. माझ्या डोळ्यांसमोर लोक त्यांच्या कानाशी ओरडायचे, आणि नाना दचकायचे — आवाज मोठा लागायचा त्यांना, बहिऱ्या माणसाला लागतो का असा? — आणि मान हलवायचे. मी तिथेच बसलेला असायचो. एकदा पोरांनी गंमत म्हणून खटका दाबला, तेव्हा नानांनी सहज म्हणून सांगितलं, “ते रेडू काढी ले. बिचारा उगाच बोंबलतस.” मी काढले.

त्याच हिवाळ्यात, हात गळ्यात बांधलेला असताना, त्यांना मी सारंगखेड्याला नेलं. कशाला नेलं? भरपाई करायला, दुसरं काय. जुन्या ओळखीच्या एका माणसाने घोडा चालवून दाखवला आणि विचारलं, बोला नाना, कसा आहे? नानांनी मान तिरकी केली. मी पाहिलं ना — ते ऐकत होते. कपाळावर ती जुनी बारीक आठी आली. मग ती गेली. म्हणाले, “मन्हा कान गयात भो. पंडितले इचार.”

मी म्हटलं, चांगला वाटतोय. मला घोड्यातलं काय कळतं? माझ्या उत्तरानंतर नाना किंचित हसले असं मला वाटलं. कदाचित नसतील हसले.

पुढच्या पावसाळ्यात नाना गेले. साध्या तापाने, अंथरुणात. नानी आहे, थकली आहे. मी गेलो की अजूनही माझ्यासाठी भरीत करते, आणि मी खातो.

त्यांच्या जाण्याआधीची होळी राहिली सांगायची. होळीला मी गावी होतो. निंबाच्या फांदीला मी अडकवलेला तारेचा आकडा अजून तसाच लटकत होता, हे मला मागच्या खेपेला दिसलं होतं. कुणालाही त्यातून काही कळलं नसतं. एक तार, बस. पण मला तो आकडा गावभर दिसतोय असं वाटायचं. सकाळी सगळे होळी रचायला गेलेले. नाना एकटेच ओट्यावर, पडिताकडे तोंड करून. मी चपला हातात घेतल्या, भिंतीला धरून, श्वास रोखून पायरी उतरलो. पन्नाशीला आलेला माणूस, सरकारी नोकर, दोन मुलांचा बाप — हातात चपला घेऊन आंधळ्या म्हाताऱ्यासमोरून चोरासारखा चाललाय. उंदीरच तो. फक्त आता हुशार उरला नव्हता.

मी त्यांच्यापासून पुरेसा लांब गेलो होतो. मातीवर माझा आवाज मला स्वतःलासुद्धा येत नव्हता.

“पंडित,” नाना म्हणाले. हळूच, मागे न वळता. “चपला घाली ले. तठे चारीना आंगे काटा शेतस.”

टाचेतला काटा मला चारीच्या काठाशी रुतला होता, हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

मी जागीच वाकलो आणि चपला घातल्या.  पाय वाजवत खळ्यापर्यंत गेलो, फांदीवरची तार काढली, आणि तसेच पाय वाजवत परत आलो. नाना पडिताकडे तोंड करून बसले होते. मी त्यांच्या शेजारून आत गेलो.